दोन खाटांची खोली

हैदराबाद
६ जुलै

विमल,

जय भीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र. माझं शिक्षण चौथी, तुझं तिसरी. तेव्हा अक्षराला नावं ठेवायचा हक्क तुला नाही.

तुझ्या किशोरनं सांगितलं, तू माझ्याशी बोलणं टाकलंस. अक्का वृद्धाश्रमात जाऊन बसली, आता नांदेडात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं म्हणालीस म्हणे. विमल, तू तोंड दाखवायला जातेस कुठं? गुडघे धरल्यापासून ओट्याच्या खाली उतरत नाहीस. ज्या बाया तुझं तोंड बघतात त्या तुझ्याच घरी येऊन, तुझाच चहा पिऊन बघतात.

त्याच बायांसमोर तू म्हणालीस, प्रबुद्धनं आईला टाकून दिलं. माझ्या लेकाबद्दल बोलायच्या आधी बहिणीला एकदा विचारायचं होतंस. आता नीट वाच. मला कोणी टाकलं नाही. मी काय फाटकी सतरंजी आहे?

प्रबुद्ध आणि सूनबाई दोघं नोकरीला. घर अकराव्या मजल्यावर. सकाळी ते गेले की दिवसभर मी आणि खिडकी. खाली माणसं मुंगळ्याएवढी दिसायची, त्यात ओळखीचा मुंगळा एक नाही. लिफ्टनं खाली उतरले की वॉचमन विचारायचा, "अम्मा, अकेले कां जारें?" चोरी करायला, म्हणायचे मी. एकदा त्यानं खरंच प्रबुद्धला फोन लावला. नारायणगुड्याच्या वसतिगृहात मी परक्या पोरींना भाकरी थापून घालण्यात जन्म काढला. पोरी रुसायच्या, रडायच्या, ताट सरकवायच्या, शिव्या खायच्या माझ्या. त्या गलक्यातून उठून अकराव्या मजल्यावर जाऊन बसले तर कान बधिर व्हायची पाळी आली.

मग आमची निशिगंधा. प्रबुद्धची पोरगी, ओळखीची आहे ना अजून? तिच्या ऑफिसातली पोरं एका रविवारी इथं म्हाताऱ्यांना गाणी ऐकवायला येणार होती. ती म्हणाली, "आजी चल, तू घरी बोर होतेस." आले. गाणी भिकार होती. पण मागच्या व्हरांड्यात चार म्हातारे पत्ते खेळत होते आणि असे भांडत होते म्हणून सांगू. एकजण उठून म्हणाला, "तू लबाड आहेस, तुझा बाप लबाड होता." आणि त्यांना गप्प करायला कोणी येत नव्हतं. इथली कामाची पोरगी चहा ठेवून निघून गेली. घरात मी जरा आवाज चढवला की सगळे म्हणतात, आई, बीपी. इथं बीपीवालेच भांडत होते.

त्याच संध्याकाळी मी प्रबुद्धला सांगितलं, मला तिथं राहायचंय. तो रडला. मी नाही.

ह्यांची पेन्शन आहे, माझी थोडी आहे. कोणाचे उपकार नाहीत. हे एकदा लिहिलं, परत लिहिणार नाही.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहिणारच. आमच्या ह्यांनी आबिड्सच्या पोस्टात बसून जन्मभर दुसऱ्यांची पत्रं लावली, आता त्यांच्या बायकोची दोन जाऊ देत.

तुझी अक्का,
जयवंता


२९ जुलै

विमल,

जय भीम. तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. "तिथं मेलीस तर खांदा कोण देणार?"

मेल्यावर खांदा कोणी दिला ते मला काय कळणार? आत्ता पायरी उतरताना हात कोण देतं ते मला कळतं. त्रिवेणी देते.

त्रिवेणी म्हणजे आमच्या मजल्यावरची पोरगी, करीमनगरकडची. हाडं मोजून घ्यावी इतकी बारीक, पण मला न्हाणीच्या स्टुलावरून असं उठवते की मला वाटतं मीच उठले. हेच तिचं कसब. गुडघ्याला तेल लावते तेव्हा कपाळाला आठी नाही. रोज सकाळी व्हरांड्यातून ओरडत येते, "अम्मा, लेचारा?" म्हणजे उठलात का. मी म्हणते, तुझ्या जन्माआधीपासून उठलेली आहे.

तुला वाटतं मी कुठं चटईवर पडले आहे आणि सरकारी खिचडी खाते आहे. तर ऐक. प्रत्येकाला खोली आहे, आत न्हाणी. न्हाणीत फरशी खरबरीत, पाय सरकत नाही. भिंतीला लोखंडी दांडी, धरून बसायला, धरून उठायला. वर एक दोरी लोंबते, ओढली की खाली घंटा वाजते. दाराबाहेर लाकडी पाटी, एक बाजू लाल, एक हिरवी. निजताना लाल करायची, उठल्यावर हिरवी. नाष्ट्याची वेळ झाली आणि पाटी लालच असली तर त्रिवेणी दार वाजवते, नाही उघडलं तर तिच्याकडं किल्ली असते. एवढीशी पाटी. पण मी पहिल्या दिवशी बघितली आणि मनात म्हटलं, ज्यानं कोणी ही काढली त्याला म्हाताऱ्या माणसाची भीती ठाऊक आहे. मरायची नव्हे. मेल्यावर दोन दिवस कोणाला पत्ता न लागायची.

स्वयंपाकघर मी दुसऱ्याच दिवशी तपासलं. मला कोणी बोलावलं नव्हतं. कढईची बूडं बघितली, तेलाचा वास घेतला, चिंधीनं ओटा पुसतात की फडक्यानं ते बघितलं. मला चांगलं म्हणायची सवय नाही हे तुला माहीत आहे. चांगलं आहे. चिंच जरा सढळ हातानं पडते, तो या गावचा गुण. यादगिरी म्हणून मुख्य आचारी आहे, पोट पुढं, मिशी त्याच्या पुढं. त्याला म्हटलं, बाबा, तुमची जोन्ना रोट्टे आमच्या भाकरीची बहीणच, पण बहीण बाळंतीण दिसते, इतकी जाड का? चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी पातळ भाकर आली. 

महिन्यातून एकदा बस आम्हाला गावात नेते. मागच्या वेळी बेगम बाजारात गेलो. मिरची घेतली. दुकानदार म्हणाला, "अम्मा, इत्ती तेज कैकू खारें इस उमर में?" म्हटलं, जीभ उतरली नाही अजून, म्हणून.

शेजारच्या खोलीत अलकाताई आहेत. पुण्याच्या. मुलगा इथं कंपनीत आहे म्हणून त्या हैदराबादेत. पहिल्याच चहाला त्यांनी माझं आडनाव विचारलं. सांगितलं. कपात बघून त्या एक घोट प्यायल्या, मग साखर पुढं केली. मी त्या घोटावर नजर ठेवून होते. पण दुसऱ्या दिवशी त्याच येऊन म्हणाल्या, "जयवंताबाई, तुमच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे ना, हातात पुस्तक धरलेला, तो मला जवळून बघायचाय." बघितला. मग दोघींचं जमलं. त्या रात्री पुस्तकं वाचतात, सकाळी उशिरा उठतात. त्या दार वाजवण्याची त्यांना चीड येते. त्यावर आम्ही दोघींनी एक तोड काढली आहे. तुला सांगण्यासारखी नाही.

तू सांग. अजून हॉलमधल्या दिवाणावरच निजतेस का? सगळ्यांचा टीव्ही संपेपर्यंत बसून राहतेस का?

जयवंता


२१ ऑगस्ट

विमल,

एक गोष्ट झाली. प्रबुद्धनं किशोरला सांगितलीच असेल, आणि किशोरनं तुला अर्धी सांगितली असेल, म्हणून मीच लिहिते.

अलकाताई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

सकाळची वेळ. घंटेची दोरी अंघोळीच्या वेळी अंगाला लागते म्हणून त्यांनी ती वर खुंटीला गुंडाळून ठेवली होती. शिकलेली बाई. पडल्यावर दोरी वर आणि त्या खाली. ओरडल्या असतील, पण शॉवर चालू होता. दाराबाहेर पाटी हिरवी, म्हणून त्रिवेणी तशीच पुढं गेली.

नाष्ट्याला सगळे खाली जमलो. अलकाताईंचा उपमा बिनमिरचीचा असतो, त्यांचं ताट वेगळं झाकून ठेवतात. नाष्टा संपत आला तरी यादगिरीनं ते झाकण तसंच बघितलं आणि तिथूनच ओरडला, "अलका अम्मा रालेदु!" आल्या नाहीत.  मी त्रिवेणीच्या आधी जिन्याशी होते. धावले म्हणत नाही, गुडघे तसे राहिले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी ऐकलं माझं.

त्रिवेणीनं किल्लीनं दार उघडलं. मी काही वर्णन करत नाही. त्रिवेणीनं आधी नळ बंद केला, मग चादर टाकली, मग त्यांना हलवायचं नाही म्हणून आम्हा सगळ्यांना मागं ढकललं. मलासुद्धा ढकललं, चांगलं जोरात. मग ओल्या फरशीवर त्यांच्या शेजारी आडवी झाली, त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, आणि गाडी येईपर्यंत तिच्या तेलुगूत काहीबाही बोलत राहिली. अलकाताईंना तेलुगू कळत नाही. तरी त्या हं, हं, म्हणत होत्या.

ऑपरेशन झालं. बऱ्या होतील. आता परत आल्या की खालच्या मजल्यावर, जिथं चोवीस तास नर्स असते, तिथं राहतील.

तर तू म्हणशील, बघ, म्हटलं नव्हतं का? म्हण.

जयवंता


७ सप्टेंबर

विमल,

जय भीम. पत्र मिळालं. दोन पानं! मला वाटलं पोस्टमन चुकला.

तू बरोबर धरलंस. लहानपणी मी गूळ खाल्ला की तुला माझ्या बोटांकडं बघून कळायचं, तशीच अजून आहेस. "पाटी हिरवी कशी होती? पडलेली बाई उठून पाटी फिरवून परत जाऊन पडली का?" असं लिहिलंस. हसू आलं मला, आणि मग आलं नाही.

पाटी मी फिरवत होते. मी पहाटे उठते, पहिल्या चहाला खाली जाते, जाता जाता त्यांची पाटी हिरवी करायची, म्हणजे त्यांना नऊपर्यंत कोणी उठवायचं नाही. हीच ती आमची तोड. मला वाटत होतं, मी शेजारधर्म करते. झोपलेल्या बाईला मी रोज जागी आहे म्हणून सांगत होते. त्या दिवशी पडलेल्या बाईलाही मीच धडधाकट म्हणून सांगितलं.

इथं दर महिन्याला सगळे जेवणघरात जमतात, काय हवं नको ते बोलायला. त्या बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं. मॅनेजर मॅडम केरळच्या आहेत, हिंदी मोडकीतोडकी. मी म्हटलं, मला बाहेर काढायचं तर काढा, पण त्रिवेणीला बोलू नका.  पत्ते खेळणारा तो म्हातारा, जो दुसऱ्याच्या बापाला लबाड म्हणाला होता, तो उठला आणि म्हणाला, "मीपण समोरच्या खोलीची फिरवतो." मग आणखी एक बाई. मग आणखी एक. विमल, अर्धा मजला एकमेकांच्या पाट्या फिरवत होता! सगळे चांगुलपणा करत होते आणि चांगुलपणानं सगळी पाटी खोटी करून टाकली होती.

मॅडमनी सगळ्यांची नावं लिहून घेतली. मग म्हणाल्या, म्हणजे लोकांना झोपायचंय आणि आम्ही उठवतोय, चूक पाटीची आहे. मला वाटलं आता नोटीस लागेल. तर दुसऱ्या आठवड्यात पाटीला दोन वेळा आल्या. ज्याला उशिरा उठायचंय त्याच्या पाटीवर पिवळी पट्टी, त्याचं दार उशिरा वाजतं, पण वाजतं. आणि सगळ्या न्हाण्यांतल्या दोऱ्या काढल्या. आता भिंतीत खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर मोठं लाल बटण आहे. पडलेल्या बाईचा हात जिथं पोचेल तिथं. वायरमन बसवत होता तेव्हा मॅडम स्वतः साडीनिशी फरशीवर आडव्या झाल्या, हात लांब करून दाखवत होत्या, इथं, नाही, अजून इकडं. मी दारात उभी राहून बघितलं. जन्मात पुष्कळ साहेब बघितले. फरशीवर निजून बटणाची जागा ठरवणारा साहेब नव्हता बघितला.

अलकाताई परत आल्या. मॅडमना म्हणाल्या, पाटी फिरवायला मीच सांगितलं होतं. खरं तर मीच पुढं होऊन म्हटलं होतं. मी त्यांना तसं बोलले, तर म्हणाल्या, "गप्प बसा हो, तुम्हाला सगळ्यात पुढं राहायचं असतं." आता मी दुपारी त्यांच्याकडं खाली जाते. वॉकरवर चार पावलं टाकतात आणि माझ्याकडं शर्यत जिंकल्यासारखं बघतात.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडं येते. तुला वाटलं मी ती वाचणार नाही. "न्हाणीतली दांडी भिंतीत कशी बसवतात, साध्या भिंतीत बसते का, उगाच विचारते."

तू उगाच काही विचारत नाहीस, विमल. कधी पडलीस? कुठं लागलं? किशोरला माहीत नाही, होय ना? मी सांगणार नाही. पण मला लिही.


आणि दुसरं. खालच्या मजल्यावर, अलकाताईंच्या जवळ, एक दोन खाटांची खोली रिकामी झाली आहे. मी वरची एकटीची खोली सोडून ती मागितली. जिना नको झालाय, एवढंच कारण. मॅडम म्हणाल्या, दोन खाटा आहेत तर दोन माणसं हवीत. दसऱ्यापर्यंत तुमचं कोणी असेल तर सांगा, नाहीतर यादीतलं पुढचं माणूस देऊ. यादीतलं पुढचं माणूस मी बघून आले. ती झोपेत भजन म्हणते.

खिडकी पूर्वेला आहे. बाहेर कडुनिंब. न्हाणीत दोन दांड्या.

भाऊजी झेडपीचे मास्तर होते, तुझी पेन्शन तुझ्या नावावर येते. तेवढ्यात इथलं भागतं, मी विचारून ठेवलं. सहज विचारलं.

जयवंता


१९ सप्टेंबर

विमल,

तू पुन्हा तेच लिहिलंस. लोक काय म्हणतील. किशोरला लोक नावं ठेवतील. सून म्हणेल, आम्ही काय कमी केलं.

त्यांनी कमी काही केलं नाही. किशोर गुणी आहे, सूनही वाईट नाही. दोन खोल्यांचं घर, चार माणसं, त्यात तू पाचवी. ती पोरं रात्री टीव्ही बघणारच, त्यांचं वय आहे. तू त्यांचा टीव्ही संपेपर्यंत कोपऱ्यात बसून झोप मारत राहतेस आणि पहाटे कोणाचा खोळंबा नको म्हणून अंधारात, दिवा न लावता न्हाणीत जातेस. तिथंच पडलीस. मनगटावर पडलीस, सुजलं, आणि तू "पाणी भरताना लचकलं" म्हणून सांगितलंस. हे सगळं तू लिहिलंस, आणि खाली लिहिलंस की किशोरला कळलं तर त्याला वाईट वाटेल. त्याला वाईट वाटू नये म्हणून तू अंधारात चालतेस. परत पडशील. दुसऱ्यांदा मनगटावर भागणार नाही.

मी दुसऱ्याची पाटी फिरवत होते. तू स्वतःचीच फिरवून बसली आहेस.

लोकांना काय सांगायचं ते मी तुला सांगते. सांग, थोरल्या बहिणीकडं राहायला चालले. दोघी म्हाताऱ्या झालो, शेवटचे दिवस एकत्र काढू म्हणतो. यात खोटं काय आहे? एक अक्षर खोटं दाखव. बहिणीचं घर अकराव्या मजल्यावर असतं तर चाललं असतं ना तुला? मग तळमजल्यावर आहे, त्यात काय बिघडलं?

खोली अजून रिकामी आहे. मी कालच माझं सामान हलवलं. तुझ्या खाटेवर माझे कुरडयांचे डबे, जुन्या साड्या आणि निशिगंधानं दिलेला तो मोठा टेडी ठेवला आहे. यादीतली बाई खोली बघायला आली होती. मी म्हटलं, इथं बहिणीचं सामान आलंय. तिनं टेडीकडं बघितलं. मी म्हटलं, लहान बहीण आहे.

धम्मचक्र दिन झाला की ये. आधी चार दिवस ये हवं तर. मी विनवणी करत नाही. मला कोणाला विनवायची सवय नाही, तुला माहीत आहे. पण खाटेवरचं सामान किती दिवस ठेवू?

अक्का


८ ऑक्टोबर

चिरंजीव किशोर,

जय भीम. तुझी माय नीट आहे. तू निघालास तेव्हा फाटकाशी रुमाल तोंडाला लावून उभा होतास. ऑटोवाला मला विचारत होता, "साब कू क्या हुआ, अम्मा?" म्हटलं, सर्दी. पुढच्या वेळी रडायचं तर आत येऊन, चहा पिऊन रड.

तू जाताना मला म्हणालास, मावशी, मी कुठं कमी पडलो? मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण तुझी माय ऐकत होती. ऐकू येत नाही तिला, पण अशा वेळी येतं. तर तू कमी पडला नाहीस. तुझी माय मागत नाही आणि तू विचारत नाहीस, असं तुमचं दोघांचं वर्षानुवर्षं चाललं, आणि दोघांनाही तीच माया वाटत होती. आमच्या प्रबुद्धचं आणि माझं तसं नाही, कारण मी मागते. भांडून मागते.

इथं आल्यावर पहिल्या रात्री ती खाटेच्या कडेला बसून राहिली. मी म्हटलं, नीज. म्हणाली, "सगळ्यांचं झालं का?" म्हटलं, सगळ्यांचं म्हणजे माझं आणि तुझं. झालं. तेव्हा पाय वर घेतले.

डॉक्टरांनी मनगट बघितलं. तिनं त्यांना काय सांगितलं ते तिचं ती तुला सांगेल. मी मध्ये पडत नाही. सांगेलच, मी रोज सकाळी आठवण करते.

अलकाताईंशी तिचं जमतं आहे. दोघी मिळून माझी निंदा करतात. त्रिवेणी तिला "चिन्नम्मा" म्हणते, म्हणजे धाकटी आई. खिडकीकडची खाट मी तिला दिली नव्हती, तिनं घेतली.

आता कामाचं बोलते, कारण मी हे पत्र त्यासाठी लिहायला बसले.

इथं एक रीत आहे. नवीन माणूस आलं की पहिल्या रविवारी सगळ्या पंगतीला त्याच्या आवडीचं जेवण करतात. कोणीही असो. मी आले तेव्हा मी मटणाच्या बोट्या सांगितल्या. आचाऱ्यानं हात जोडले, म्हणाला, अम्मा, अर्धी माणसं उठून जातील. मग भरल्या वांग्यावर मिटलं. तर काल तो आचारी, यादगिरी, स्वतः खोलीत आला. पाट मांडून बसावं तसा खुर्चीत बसला आणि तुझ्या मायला विचारलं, "अम्मा, मीकु एमि इष्टं?" मी मराठीत सांगितलं, तुला काय आवडतं विचारतोय.

ती म्हणाली, काहीही चालतं.

मी म्हटलं, यादगिरीला काहीही करता येत नाही, पदार्थाचं नाव लागतं.

ती म्हणाली, किशोरला वरणफळं आवडतात.

म्हटलं, किशोर इथं राहायला आलेला नाही.

मग म्हणाली, ह्यांना शेपूची भाजी लागायची, लसूण घालून. मोठ्या नातवाला शेवया. धाकट्याला त्या पिवळ्या पाकिटातल्या नूडल्स. सूनबाईला आंबट वरण. विहारातल्या बायांना तिच्या हातचा चुरमुऱ्यांचा सुसला. यादगिरी बिचारा प्रत्येक नावाला मान डोलवत होता, त्याला वाटलं एवढं सगळं करायचंय.

मी म्हटलं, विमल, तुला. तुला काय आवडतं?

ती बघत राहिली. खरंच आठवत होती. मला वाटलं आत्ता बोलेल. मग पदरानं खिडकीची कड पुसायला लागली, तिथं धूळ नव्हती.

मला माहीत आहे ते लहानपणचं. जोंधळ्याच्या कण्या आणि ताक, ताट चाटून खायची. ते मी सांगितलं, तर म्हणाली, "अक्का, तेव्हा दुसरं काही नव्हतं." तेही खरंच.

यादगिरी शनिवारी पुन्हा येणार आहे. तू तिच्याजवळ जन्मापासून राहिलास. बायकोला विचार, पोरांना विचार, आठवून बघ. माहीत असेल तर फोन कर, पत्र पोचायला उशीर होईल. आणि आठवत नसेल तर लाजू नकोस, तसंच सांग. म्हणजे आम्ही इथं दर रविवारी एकेक रांधून बघू. कशाला तरी ती दुसऱ्यांदा वाढून घेईलच.

तुझी मावशी,
जयवंता